मोबाइल ट्रेझर हंट ॲप, शिकवणे आणि कॅम्पस ओरिएंटेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या विद्यार्थ्यांना कॅम्पस दाखवण्यासाठी किंवा एखादा धडा वर्गाबाहेर नेण्यासाठी मोबाइलवर ट्रेझर हंट घ्यावा, असा विचार करणारे शिक्षक, ग्रंथपाल आणि विद्यार्थी समित्या यांच्यासाठी हे पान आहे. बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो ॲप कोणते घ्यावे हा. आमच्या मते त्याचा नंबर बराच नंतर लागतो. विद्यार्थ्याची नजर स्क्रीनवरून उचलून समोरच्या जागेकडे नेईल असा क्लू लिहिता आला, तर साध्या साधनावरही हंट रंगतो. तो लिहिता आला नाही तर महागडे ॲपही कामाला येत नाही.

मोबाइल ट्रेझर हंटमध्ये नेमके काय होते?

विद्यार्थ्यांच्या छोट्या टीम पाडतात. टीमच्या फोनवर क्लू येतो. त्यावरून जागा ओळखायची, चालत तिथे जायचे आणि तिथे गेल्याशिवाय होणार नाही असे एखादे काम करायचे. उत्तर लिहायचे, फोटो काढायचा, क्यूआर कोड स्कॅन करायचा किंवा काहीतरी मोजायचे. काम झाले की पॉइंट मिळतात आणि पुढचा क्लू उघडतो.

मांडणी दोन प्रकारची असते. एकीत क्लू क्रमानेच उघडतात, त्यामुळे गोष्टीसारखा प्रवास रचता येतो. दुसरीत सगळी कामे एकदम यादीत दिसतात आणि टीम हवे ते आधी करते. ओरिएंटेशनला खुली यादी सोयीची, कारण एकाच दारावर गर्दी होत नाही. धडा शिकवायचा असेल आणि दुसरी पायरी पहिलीवर उभी असेल, तर क्रमच हवा.

ही कल्पना ॲपमुळेच आली का?

नाही, ती खूप जुनी आहे. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एका दुर्गम जागी बाटली ठेवली. तिथवर पोहोचणाऱ्याने त्यात आपले कार्ड टाकायचे. त्यातून ‘लेटरबॉक्सिंग’ हा छंद वाढला. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९८१ पासून कोड्यांचा मोठा वार्षिक हंट होतो, तर शिकागो विद्यापीठात १९८७ पासून यादीतल्या वस्तू आणि कामे शोधण्याचा.

फोनवरच्या हंटचा सरळ पूर्वज मात्र जिओकॅशिंग. जीपीएसच्या नागरी संदेशात अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली. सामान्य माणसाच्या हातातला रिसीव्हर एकाएकी अचूक झाला आणि लगेच, ३ मे रोजी, ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी एक डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आज कॅम्पसवर आपण करतो ते मुळात हेच.

यातून खरेच शिकणे होते, की नुसती धावपळ?

दोन्ही शक्य आहे. काय होणार ते क्लूच्या रचनेवर ठरते.

तोरू इशिकावा आणि सहकाऱ्यांचा २००८ मधला एक अभ्यास हंट रचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. त्यात काही जण फोनवरच्या जीपीएसने वाट शोधत गेले, काही कागदी नकाशाने, आणि काहींना वाट आधी प्रत्यक्ष चालून दाखवली होती. जीपीएसवाले इतरांपेक्षा जास्त चालले आणि जास्त वेळा थांबले. नंतर वाटेचा नकाशा आठवून काढायला सांगितला, तेव्हा वाट चालून पाहिलेल्यांपेक्षा त्यांचे नकाशे कच्चे निघाले. बाणामागे चालणारा माणूस पोहोचतो, पण वाट त्याच्या डोक्यात उतरत नाही.

ओरिएंटेशनचा हेतूच वाट डोक्यात उतरवण्याचा. मग ॲप निळा ठिपका आणि बाण दाखवून दारापर्यंत नेत असेल, तर आपल्याच हेतूवर पाणी पडते. म्हणून आमचा आग्रह आहे की बाण बंद ठेवा. कॅम्पसचा साधा नकाशा द्या, दिशा टीमला ठरवू द्या. थोडे चुकले तरी चालेल, कारण चुकून परत फिरताना जागा पक्क्या होतात.

दुसरी बाब आठवण्याची. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवले की मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा तो आठवून सांगण्याचा सराव केला, तर काही दिवसांनीही तो जास्त टिकतो. याचा उपयोग हंटमध्ये सहज करता येतो. पाचव्या क्लूचे उत्तर दुसऱ्या थांब्यावर पाहिलेल्या गोष्टीत ठेवा. ‘मघाशी जिथे फॉर्मची खिडकी पाहिलीत, त्या मजल्यावर आणखी कोणते कार्यालय होते?’ एवढ्या एका प्रश्नाने टीम थबकते, एकमेकांना विचारते आणि तो मजला मनात पुन्हा चालून येते.

चांगला क्लू कसा असतो? एखादे उदाहरण द्या.

ग्रंथालयाचा थांबा घेऊ. नेहमीचा क्लू असा: ‘ग्रंथालयात जा आणि दारावरचा कोड स्कॅन करा.’ टीम येते, फोन धरते, बीप वाजतो, टीम जाते. ग्रंथालयाच्या आत कोणी पाऊलही टाकलेले नसते.

आता हा पाहा: ‘ताऱ्यांवरची पुस्तके ज्या फळीवर आहेत, तिथे जा. फळीकडे पाठ करून उभे राहा. समोरच्या खिडकीतून कोणती इमारत दिसते? पुस्तकांना हात लावू नका.’

हे सोडवायला कॅटलॉग उघडावा लागतो. ग्रंथालयात पुस्तकांना विषयावार क्रमांक देणारी ड्युई पद्धत असेल तर खगोलशास्त्र ५२० च्या आसपास मिळते. मग त्या क्रमांकाची फळी कोणत्या मजल्यावर आहे ते शोधायचे, फळ्यांच्या टोकाला लावलेल्या पाट्या वाचायच्या, आणि शेवटी खिडकीतून बाहेर पाहायचे. खिडकीतून दिसणाऱ्या इमारतीमुळे ग्रंथालय आणि बाकीचा कॅम्पस डोक्यात एकमेकांना जोडले जातात. ‘हात लावू नका’ ही सूचना ग्रंथपालांसाठी. साठ टीमनी पुस्तके उपसली तर लावायला दिवस जातो.

क्लू लिहून झाला की तो दोन कसोट्यांवर घासा. घरी बसून इंटरनेटवर उत्तर मिळते का? मिळत असेल तर ती प्रश्नमंजूषा झाली, हंट नाही. आणि कॅम्पसमध्ये पहिल्यांदाच आलेल्या माणसाला क्लू सुटेल का? यमक जुळवलेली कोडी लिहायला मजा येते, पण जागेचे नावच माहीत नसलेल्याला त्यातला श्लेष कुठून कळणार? प्रत्येक क्लूमागे दोन मदतीचे इशारे ठेवा, दुसरा अगदी सरळ. दहा मिनिटे अडकलेली टीम चिडते आणि खेळातून मनाने बाहेर पडते.

उत्तर शक्यतो आकडा किंवा पर्यायांपैकी एक असू द्या. शब्द टाइप करायला लावलात तर ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने बरोबर उत्तर चूक ठरते. आकड्यांतही देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही रूपे बरोबर धरायची सोय करा.

थांबे किती, वेळ किती, टीम केवढी?

टीम चार-पाच जणांची. सहावा आला की एक जण मागे राहून गप्पा मारतो. तिघांचीही चालते, पण मग टीमची संख्या वाढते.

वेळेचा हिशोब सोपा आहे. मोकळ्या वाटेवर माणूस मिनिटाला ७० ते ८० मीटर चालतो. दोन थांब्यांत दीडशे मीटर धरले तर चालायला दोन मिनिटे, शोधायला दोन, कामाला तीन. आठ थांब्यांचा तास होतो. तासाच्या वर नेऊ नका, पहिल्या दिवशी तर नाहीच.

गर्दीचा हिशोब मात्र बरेच जण करतच नाहीत. ३०० विद्यार्थी, पाचची टीम, म्हणजे ६० टीम. थांबे दहा असतील तर एका वेळी एका थांब्यावर सहा टीम, तीस माणसे. कोणत्याही कार्यालयाच्या खिडकीला हे झेपत नाही. तीन बॅच केल्या की थांब्यावर दोनच टीम येतात, दहा माणसे, आणि खिडकीमागच्या कर्मचाऱ्यालाही बोलायला फुरसत मिळते. प्रत्येक टीमची सुरुवात वेगळ्या थांब्यावरून करा आणि अर्ध्या टीम उलट्या क्रमाने फिरवा. नाहीतर मागची टीम पुढच्या टीमच्या पाठीकडे बघूनच खेळते.

जीपीएस, क्यूआर कोड की एनएफसी?

बाहेरच्या मोकळ्या जागांना जीपीएस, इमारतीच्या आत क्यूआर.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवतात. फोनपर्यंत येईतो तो इतका क्षीण असतो की छताखाली भरवसा राहत नाही. उघड्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत जागा सांगतो. उंच इमारतींमध्ये संदेश भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका पलीकडच्या रस्त्यावर उडी मारतो. म्हणून थांब्याभोवतीचे वर्तुळ २५-३० मीटर त्रिज्येचे ठेवा. पाच मीटरचे ठेवलेत तर टीम बरोबर जागी उभी राहूनही ॲप ‘पोहोचला नाहीत’ म्हणत राहते. मजला जीपीएसवर ओळखू जाऊ नका.

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने मोटारींच्या सुट्या भागांसाठी बनवला. त्याच्या चुका सुधारण्याच्या चार पातळ्या आहेत. सर्वांत वरच्या पातळीत सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. बाहेर चिकटवायचा कोड याच पातळीचा करा. कडेची पांढरी पट्टी कापू नका, कोडमधल्या किमान चार छोट्या चौकड्यांएवढी ती लागतेच. आकाराचा ढोबळ नियम असा की जितक्या अंतरावरून स्कॅन करायचे त्याच्या एक दशांश. दोन मीटरवरून करायचे असेल तर २० सेंटिमीटर. चकचकीत लॅमिनेशनवर उजेड चमकतो, मॅट घ्या.

एनएफसी टॅग म्हणजे फोन जवळ नेल्यावर वाचला जाणारा छोटा चिपचा स्टिकर. त्याला फोन अगदी चिकटवावा लागतो, त्यामुळे फोटो पाठवून फसवता येत नाही. पण टीमच्या फोनमध्ये ती सोय असेलच असे नाही. ब्लूटूथ बीकन, म्हणजे जागा जवळ आल्याचे फोनला कळवणारी छोटी उपकरणे, त्यांच्या बॅटऱ्या सांभाळायला माणूस लागतो. एकाच दिवसाच्या कार्यक्रमासाठी तो खटाटोप करू नका.

आता सांगा, ॲप कोणते?

फोटो-व्हिडिओची कामे, खुली यादी आणि गुणफलक हवा असेल तर गूसचेस. वाट ठरवून क्लू, प्रश्न आणि क्यूआर एकामागून एक मांडायचे असतील तर ॲक्शनबाउंड. शिक्षकाने नकाशावर कामे मांडून आलेल्या उत्तरांना अभिप्राय द्यायचा असेल तर सेप्पो. विद्यार्थ्यांनीच जागेवर आधारित खेळ रचावा असे वाटत असेल तर एमआयटीतले टेलब्लेझर, ज्यात ठोकळे जोडून प्रोग्रॅम करता येतो. मोफत आवृत्तीत किती टीम चालतात हे बदलत असते. ठरवण्याआधी ते त्यांच्या पानावर तपासा.

पैसे नसतील तर गूगल फॉर्म्सने काम भागते आणि छान भागते. प्रत्येक थांबा एका विभागात ठेवा, उत्तर अनिवार्य करा आणि त्याच्या खान्याला पडताळणीची अट लावा. बरोबर आकडा टाकल्याशिवाय पुढचा विभाग उघडत नाही. नकाशा नाही, गुणफलक नाही, पण ब्राउझरमध्ये चालते आणि काही डाउनलोड करावे लागत नाही. पहिला हंट असाच घ्या, असा माझा सल्ला. क्लू कुठे फसतात ते कळले की मग ॲपवर खर्च करा.

कॅम्पसचे वाय-फाय आहे ना, मग इंटरनेटची काळजी कशाला?

कारण पहिल्या दिवशी नव्या विद्यार्थ्यांकडे वाय-फायचे लॉगिनच नसते. ओरिएंटेशनच्या हंटमध्ये ही अडचण फार वेळा येते. तीनशे जण फाटकाजवळ उभे राहून एकाच वेळी ॲप डाउनलोड करू लागले की मोबाइल नेटवर्कही गुदमरते. ॲपची लिंक आदल्या दिवशीच पाठवा, किंवा पाहुण्यांसाठीचे खुले नेटवर्क तेवढ्यापुरते सुरू ठेवायला आयटी विभागाला सांगा. काही ॲपमध्ये खेळ आधी उतरवून ठेवता येतो आणि उत्तरे नेटवर्क आल्यावर वर जातात. ॲक्शनबाउंडमध्ये ही सोय आहे. व्हिडिओ क्लू टाळा. तळघर, लिफ्टजवळचा कोपरा, जाड भिंतींची जुनी इमारत इथे स्वतः फोन घेऊन उभे राहून रेंज पाहा.

आणि प्रत्येक बॅचमागे छापील क्लूंचे एक-दोन संच ठेवाच.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचे काय?

एका टीमला एकच फोन, हाच नियम सर्वांसाठी करा. कोणाकडे फोन नाही, कोणाचा जुना आहे, हे मग कोणालाच कळत नाही. एका फोनभोवती चार डोकी जमतात आणि बोलणे आपोआप सुरू होते. ओरिएंटेशनला तेच तर हवे असते. दर थांब्याला भूमिका बदला. एकाने क्लू वाचायचा, दुसऱ्याने नकाशा धरायचा, तिसऱ्याने उत्तर लिहायचे. नाहीतर फोनचा मालकच सगळा हंट खेळतो आणि बाकीचे त्याच्यामागे फिरतात.

व्हीलचेअर वापरणारे किंवा कमी दिसणारे विद्यार्थी असतील तर?

त्यांच्यासाठी वेगळी वाट काढू नका. सर्वांची वाट अशी आखा की ती चाकांवरूनही पूर्ण होईल. वेगळी वाट दिली की तो विद्यार्थी पहिल्याच दिवशी आपल्या टीमपासून तुटतो. क्यूआर कोड बसलेल्या माणसाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर लावा. लिफ्ट बंद पडली तर पर्यायी थांबा कोणता, ते आधीच ठरवा.

स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हरवर ॲप नीट चालते का, ते स्वतः लावून बघा. चित्रातला क्लू असेल तर शब्दांतही द्या. फक्त रंगावर उत्तर ठरू देऊ नका. वेगाला गुण ठेवले तर हळू चालणारा विद्यार्थी आपल्या टीमला ओझे वाटू लागतो. आमच्या दृष्टीने वेगाचे गुण काढून टाकण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

कोडचे फोटो ग्रुपवर फिरतात. फसवणूक कशी थांबवायची?

नुसता स्कॅन म्हणजेच ‘झाले’ अशी रचना असेल तर ती फुटणारच. स्कॅन केल्यावर जागेवरच दिसेल असा प्रश्न उघडू द्या, आणि प्रत्येक थांब्यासाठी तीन-चार प्रश्नांमधून वेगवेगळ्या टीमला वेगळा प्रश्न द्या. पूर्ण टीमचा फोटो मागितला तर तोही पुरावा होतो. मात्र सगळेच थांबे कुलूपबंद करण्याच्या नादी लागू नका. एका टीमने दुसरीला ‘ती खिडकी मागच्या बाजूला आहे’ असे सांगितले, तर नव्या मुलांची ओळख होते आहे. ते चांगलेच आहे.

बक्षीस ठेवावे का?

छोटे ठेवा आणि आधी गाजावाजा करू नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ मधल्या प्रसिद्ध प्रयोगात, चित्र काढले तर बक्षीस मिळेल असे आधीच सांगितलेली लहान मुले नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचे तसे झाले नाही. मोठ्या बक्षिसाची घोषणा केली की टीम जागा बघत नाहीत, गुण बघतात. सर्वांत चांगल्या फोटोला, सर्वांत नेमक्या निरीक्षणाला किंवा दुसऱ्या टीमला मदत करणाऱ्यांना दाद दिली तर खेळाचा सूर बदलतो.

ओरिएंटेशन सोडून विषय शिकवायला याचा उपयोग होतो का?

होतो, आणि माझ्या मते खरी ताकद तिथेच आहे. गणिताचे एक उदाहरण सविस्तर देतो.

क्लू टीमला इमारतीच्या दाराशी असलेल्या रॅम्पपाशी आणतो. काम पहिले: टेपने रॅम्पची एकूण उंची आणि लांबी मोजा, गुणोत्तर काढा. काम दुसरे: फोन रॅम्पवर सपाट ठेवा आणि लेव्हल दाखवणाऱ्या ॲपवर कोन वाचा. अनेक देशांच्या नियमांत रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा असे आहे. म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला जमिनीवरून किमान १८० सेंटिमीटर लांबी. हा कोन सुमारे ४.८ अंशांचा येतो. टेपवरून काढलेला कोन आणि फोनने दाखवलेला कोन जुळत नाहीत तेव्हा खरा धडा सुरू होतो. कोणी रॅम्पची तिरपी लांबी मोजलेली असते आणि जमिनीवरची समजून वापरलेली असते. या उतारावर त्याने फारसा फरक पडत नाही, पण तो का पडत नाही हे पायथागोरसच्या सूत्राने दाखवा म्हटले की टीम तिथेच फरशीवर बसून आकडेमोड करते. फोन ज्या पृष्ठभागावर ठेवला तो खडबडीत होता का, हेही कोणीतरी काढतेच. आणि रॅम्प नियमापेक्षा तीव्र निघाला तर? मग त्या टीमला व्यवस्थापनाला पत्र लिहायचे खरेखुरे कारण मिळते.

वनस्पतिशास्त्रात झाडाचा घेर जमिनीपासून साधारण १.३ मीटरवर मोजून व्यास काढता येतो, पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक ते बघता येते. इतिहासात कोनशिलेवरचे साल आणि इमारतीची शैली जुळते का, हे तपासता येते. भाषेच्या तासाला एकाच पाटीवरचा दोन भाषांतला मजकूर ताडून पाहता येतो. एका हंटमध्ये एकच विषय घ्या. सगळ्या विषयांची भेळ केली की कोणताच हाती लागत नाही.

विद्यार्थ्यांनीच हंट तयार केला तर चालेल का?

चालेल काय, तसेच करा. क्लू सोडवणाऱ्यापेक्षा लिहिणारा जास्त शिकतो. जागा निवडताना त्याला ठरवावे लागते की इथे बघण्यासारखे नेमके काय आहे. प्रश्न लिहिताना आपल्यालाच उत्तर पक्के माहीत नाही हे कळते. मग तो कर्मचाऱ्यांना विचारतो, जुनी कागदपत्रे बघतो, पुन्हा जाऊन मोजतो.

दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षासाठी हंट रचावा, ही सर्वांत जमणारी जोडी. नव्या विद्यार्थ्याला काय अडते हे शिक्षकांपेक्षा त्यांना चांगले आठवते. परीक्षा विभागाची खिडकी कोणत्या बाजूला आहे, समुपदेशकांची खोली कुठे आहे आणि तिथे कोणाला न विचारता कसे जायचे, हे त्यांच्या हंटमध्ये येते. अधिकृत माहितीपत्रकात ते सापडणार नाही. शिक्षकाने सुरक्षितता आणि तथ्ये तेवढी तपासावीत. क्लूची भाषा त्यांची राहू द्या.

कोणत्या जागा वगळाव्यात? सुरक्षिततेचे काय?

प्रयोगशाळा, यंत्रशाळा, गच्ची, पाण्याचे साठे, बांधकाम आणि वाहता रस्ता ओलांडावा लागेल अशी कोणतीही जागा. प्रार्थनास्थळे आणि स्मारके विचारूनच घ्या. २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा फोन घेऊन खऱ्या जागांवर फिरत खेळायचा खेळ आला तेव्हा वॉशिंग्टनमधल्या होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयाला, इथे खेळू नका, अशी विनंती लोकांना करावी लागली होती.

वगळू नये अशा जागाही आहेत. प्रथमोपचाराची खोली आणि आग लागल्यावर जमायची जागा हे दोन थांबे हवेतच. ‘आगीच्या वेळी या इमारतीतले लोक कुठे जमतात? तिथे उभे राहून टीमचा फोटो काढा’ हा क्लू सूचनाफलकापेक्षा जास्त काम करतो. अग्निशामक नळकांडी किंवा अलार्मचे बटण मात्र कोणत्याही कामात आणू नका.

सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी, ग्रंथपाल, कार्यालयातले लोक या सर्वांना तारीख आणि वेळ आधी कळवा. एक मदतीचा फोन नंबर प्रत्येक क्लूखाली द्या. धावल्यास गुण कापले जातील, हे सुरुवातीलाच सांगा.

फोटो आणि लोकेशनची माहिती गोळा होते. ते योग्य आहे का?

लागेल तेवढीच घ्या. थांब्यावर पोहोचल्याची नोंद पुरते. टीम कुठे फिरते आहे हे सतत नकाशावर बघायची गरज नसते. लोकेशनची परवानगी ‘ॲप वापरत असतानाच’ अशी द्यायला सांगा. टीमचे नाव टोपणनाव असू द्या आणि खाते उघडावे लागणार नाही असे ॲप मिळाले तर तेच घ्या. अनोळखी माणसाचा फोटो विचारल्याशिवाय नको. ज्याला फोटोत यायचे नाही, त्याने तो काढावा. त्यासाठी कारण मागू नका. फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. बाहेर प्रसिद्ध करण्याआधी ते काढा. सगळे साहित्य कधी पुसणार ती तारीख विद्यार्थ्यांना सांगा आणि पाळा. विद्यार्थी अल्पवयीन असतील तर पालकांची संमती आणि तुमच्याकडचा कायदा आधी बघा.

एआयकडून क्लू लिहून घेतले तर?

भाषा घासूनपुसून घ्यायला हरकत नाही. पण तुमच्या जिन्याच्या वळणावर काय दिसते हे त्याला माहीत नाही, तो ते रचून सांगेल. प्रत्येक क्लू कोणीतरी चालत जाऊन तपासलाच पाहिजे.

ऑगमेंटेड रिॲलिटी हवी का?

म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या जागेवर चित्र चढवून दाखवणे. पाडलेली इमारत जागेवर कशी दिसत होती हे दाखवायचे असेल, तर जरूर. एरवी ती नजर पुन्हा स्क्रीनकडेच ओढते.

हंटला परीक्षेचे गुण द्यावेत का? यश कसे मोजायचे?

हंटमधल्या पॉइंटना परीक्षेच्या गुणांशी जोडू नका. गुण द्यायचे तर नंतर लिहिलेल्या टिपणाला द्या.

शेवटची पंधरा मिनिटे एकत्र बसण्यासाठी राखा. कोणता क्लू अडला, कुठे वाट चुकली, काय अनपेक्षित दिसले हे टीमनी बोलावे. हा भाग वेळेअभावी सर्वांत आधी कापला जातो, आणि शिकलेले पक्के होते ते याच भागात. ओरिएंटेशनचे यश मोजायला एक साधी चाचणी आहे. आठवड्याने कोरा कागद द्या आणि कॅम्पसचा नकाशा आठवून काढायला सांगा. ज्या जागा बहुतेकांच्या नकाशात नाहीत, तिथला क्लू पुढच्या वेळी बदला. ‘मजा आली का?’ एवढाच प्रश्न विचारलात तर सगळे हो म्हणतील आणि तुमच्या हाती काहीच लागणार नाही.

हंट संपल्यावर क्यूआर कोड काढायचे की राहू द्यायचे?

काढा, त्याच दिवशी, यादी हातात घेऊन. सोडून दिलेल्या कोडवर कोणी दुसरा कोड चिकटवला तर लोक विश्वासाने तो स्कॅन करतील आणि भलत्याच पानावर जातील. काही थांबे वर्षभर ठेवायचे असतील, जसे ग्रंथालयाचा किंवा प्रथमोपचाराच्या खोलीचा, तर ते पक्क्या पाटीवर छापा आणि कोडखाली पानाचा पत्ता अक्षरांतही लिहा. कोड असा घ्या की मागची लिंक बदलता येईल. खिडकी दुसऱ्या मजल्यावर हलली की पाटी तीच राहील, मजकूर तेवढा बदलता येईल. दर सत्राच्या सुरुवातीला एका विद्यार्थ्याने फोन घेऊन सगळ्या पाट्या स्कॅन करून बघाव्यात.